वीज गेल्यानंतर मारियाडीबीची सर्व्हिस सुरूच होत नाही

ग्रंथपाल, इंदूर (शुक्रवार, सकाळी १०.२०)

नमस्कार. इंदूरमधील एका लहान मराठी वाचनालयाचे काम मी पाहते. आमच्याकडे साडेनऊ हजारांच्या आसपास पुस्तके आहेत, त्यांतील काहींवर होळकर संस्थानच्या काळातले शिक्के आहेत, आणि या सर्वांची तालिका, सभासदांची वर्गणी व रोजची देवघेव एकाच संगणकावर आहे. संगणक जुना असून त्यावर विंडोज १० आहे. तालिकेचे सॉफ्टवेअर मारियाडीबी १०.४ या डेटाबेसवर चालते आणि मारियाडीबी विंडोजची सर्व्हिस म्हणून मागे चालू असते. गेली सहा वर्षे ती आपोआप चालू असायची, त्यामुळे तिच्याकडे लक्ष देण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

काल संध्याकाळी वादळी पावसात वीज गेली आणि यूपीएसने क्षणभरही तग धरला नाही. त्या वेळी देवघेव चालूच होती. आज सकाळी संगणक नेहमीसारखा सुरू झाला, मात्र डेटाबेसशी संपर्क होत नाही असे सॉफ्टवेअर सांगते. सर्व्हिसेसच्या यादीत मारियाडीबीच्या नावापुढे 'रनिंग' दिसत नाही. 'स्टार्ट' दाबले की हिरवी पट्टी थोडी सरकते आणि सर्व्हिस सुरू करता आली नाही असा संदेश येतो. संगणक तीन वेळा बंद करून पुन्हा चालू केला, तरी फरक पडला नाही.

संध्याकाळी ५ वाजता सभासद येतील. आजचा दिवस वहीत नोंदी करून निभावून नेईन, पण कोणाची कोणती पुस्तके बाहेर आहेत हे वहीवरून कळणार नाही. कोठून सुरुवात करावी, हे कृपया सांगावे.

सुदामानगरकर (१०.४५)

ताई, माझ्या दुकानातील बिलिंगच्या संगणकावर असेच झाले होते. मारियाडीबी काढून पुन्हा बसवले आणि अर्ध्या तासात काम सुरू झाले. फार खोलात जाण्याची गरज नाही असे वाटते.

विदागार_प्रशासक, इंदूर (११.१०)

ताई, कृपया काहीही काढू नका आणि काहीही पुन्हा बसवू नका. सुदामानगरकरांनी आपुलकीने सुचवले आहे हे मला मान्य आहे आणि त्यांच्याकडे ते जमलेही असेल, परंतु मारियाडीबी काढताना विदा, म्हणजे साठवलेला डेटा, ठेवायची की पुसायची असा प्रश्न येतो, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातून त्या क्षणी चुकीचे बटण दाबले गेले तर सहा वर्षांच्या नोंदी जातात. मी हे काम पंधरा वर्षे करत आहे. अशा प्रसंगी बहुतेक वेळा मूळ बिघाड लहानच असतो आणि मोठे नुकसान होते ते त्यानंतरच्या घाईच्या दुरुस्तीमुळे.

पहिले काम म्हणजे डेटा फोल्डरची नक्कल. सर्व्हिस बंदच असल्यामुळे ही नक्कल निर्धोकपणे घेता येते. मारियाडीबीच्या फोल्डरात 'डेटा' नावाचे उपफोल्डर आहे, ते संपूर्ण बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. 'कट' करू नका, 'कॉपी'च करा. यानंतर आपण जे काही करू ते फसले, तरी आज सकाळच्या स्थितीला परत येता येईल.

दुसरे काम म्हणजे संदेशाचे नेमके शब्द येथे लिहा. 'सुरू करता आली नाही' एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही, कारण विंडोज प्रत्येक प्रकारच्या अपयशाला वेगळा क्रमांक देते. १०५३ म्हणजे सर्व्हिसने ठरलेल्या वेळेत उत्तर दिले नाही. १०६८ म्हणजे ती ज्या दुसऱ्या सर्व्हिसवर अवलंबून आहे तीच उभी राहिली नाही. १०६९ म्हणजे ज्या खात्याच्या नावाने ती चालते त्याचा पासवर्ड किंवा परवाना जुळत नाही. एखाद्याने खात्याचा पासवर्ड बदलला आणि सर्व्हिसच्या नोंदीत तो बदलायचा राहिला की असे होते. १०६७ म्हणजे प्रोग्राम सुरू झाला आणि लगेच मेला. हे चारही आजार वेगळे आहेत, आणि एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर बरे वाटण्याऐवजी दुखणे वाढते.

तिसरे काम थोडे नाजूक आहे, पण उत्तर तेथेच मिळेल. डेटा फोल्डरात आपल्या संगणकाच्या नावाची, 'ईआरआर' असा शेवट असलेली एक फाइल असेल. ती नोटपॅडमध्ये उघडा, अगदी शेवटी जा, आणि आज सकाळच्या वेळेच्या ओळी येथे द्या. फाइल फक्त वाचा, जतन करू नका. सर्व्हिस सुरू करून देणारा विंडोजचा सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर हा दारावरच्या रखवालदारासारखा आहे. आत गेलेला माणूस धावत बाहेर आला एवढे तो सांगू शकतो. आत काय घडले ते आतल्यानेच लिहून ठेवलेले असते.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. विंडोज १० मध्ये 'शट डाऊन' करून पुन्हा चालू करणे म्हणजे पूर्ण नवी सुरुवात नव्हे. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि सकाळी तीच परत आणते. खरी नवी सुरुवात 'रीस्टार्ट' केल्यावर होते. म्हणून आपण तीन वेळा जे केले त्याने कदाचित काहीच नव्याने सुरू झाले नसेल.

ग्रंथपाल, इंदूर (दुपारी १२.५५)

आपल्या सांगण्याप्रमाणे प्रथम नक्कल घेतली. सुमारे १.४ जीबी झाली. बाहेरच्या डिस्कवरील फाइलींची संख्या आणि मूळ फोल्डरातील संख्या जुळवून पाहिली, ती सारखी आहे.

संदेश असा आहे : 'एरर १०६७ : द प्रोसेस टर्मिनेटेड अनएक्स्पेक्टेडली'. विंडोजच्या घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'सिस्टम' या लॉगखाली (नोंदींच्या यादीखाली) सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरची ७०३४ क्रमांकाची नोंद प्रत्येक प्रयत्नागणिक एकदा दिसते.

ईआरआर फाइलीतील ओळी इंग्रजीत आहेत, त्या जशा समजल्या तशा देते. प्रथम इनोडीबीने क्रॅश रिकव्हरी सुरू केल्याची ओळ आहे आणि काही ओळींनंतर इनोडीबी सुरू झाल्याचे म्हटले आहे. त्यानंतर 'एरर' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी लागतात : आरियाची रिकव्हरी फसली आहे, सर्व आरिया कोष्टकांवर 'आरिया चेक' हा प्रोग्राम 'आर' पर्यायासह चालवावा आणि आरिया लॉगच्या क्रमांकाच्या फाइली काढून टाकाव्यात. मग आरिया प्लगिन सुरू झाले नाही, प्लगिनचे कोष्टक उघडता आले नाही, आणि शेवटचा शब्द 'अबॉर्टिंग'.

मला यातील आरिया म्हणजे काय हे माहीत नाही. आमच्या तालिकेत या नावाचे काही नाही. पुस्तकांच्या नोंदी गेल्या का, एवढेच आधी सांगाल का?

विदागार_प्रशासक, इंदूर (दुपारी १.२०)

नोंदी गेलेल्या नाहीत, असे या ओळींवरून जवळजवळ खात्रीने म्हणता येते. जेवून घ्या आणि मग शांतपणे वाचा.

मारियाडीबी एकाच घरात अनेक प्रकारची कपाटे ठेवते, त्यांना स्टोरेज इंजिन म्हणतात. तुमच्या सॉफ्टवेअरची कोष्टके, म्हणजे पुस्तके, सभासद आणि देवघेव, बहुधा इनोडीबी या इंजिनात आहेत. प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहायचा आणि मग कोष्टकात करायचा, अशी इनोडीबीची शिस्त आहे. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी पुढच्या वेळी लॉग वाचून ती अर्धवट राहिलेले काम पूर्ण करते किंवा मागे फिरवते. तुमच्या फाइलीत हे घडून गेल्याचे स्वच्छ लिहिले आहे.

अडले आहे ते दुसऱ्या कपाटाशी. मारियाडीबीची स्वतःची अंतर्गत कोष्टके असतात : कोणत्या वापरकर्त्याला कोणता अधिकार, कोणते प्लगिन, इत्यादी. १०.४ या आवृत्तीपासून ही प्रणालीची कोष्टके आरिया या इंजिनात ठेवली जातात. आरियाचाही स्वतःचा लॉग असतो, आणि काल वीज जाताना त्या लॉगचा शेवट फाटला. तो वाचता येईना म्हणून आरिया उभी राहिली नाही, आरिया नाही म्हणून अधिकारांची कोष्टके उघडली नाहीत, आणि कोणाला आत घ्यावे हे ठाऊक नसताना डेटाबेसने दार न उघडता बंद होणे पसंत केले. ते योग्यच आहे. रखवालदाराला मात्र यातले काही कळले नाही. त्याने १०६७ लिहिले.

सुदामानगरकर (१.५०)

ताई, माझा सल्ला मी मागे घेतो. पण एक शंका मनापासून विचारतो. अशा वेळी 'आयबी लॉगफाइल' पुसा, किंवा इनोडीबीची फोर्स रिकव्हरी ६ वर ठेवा, असे जिकडेतिकडे लिहिलेले आढळते. माझ्या संगणकावर एका ओळखीच्या मुलाने तेच केले होते असे आता आठवते. ते चुकीचे होते का?

विदागार_प्रशासक, इंदूर (२.१५)

शंका अगदी योग्य आहे, आणि असे सल्ले किती हानी करतात हे पाहिल्यामुळे मी सविस्तर उत्तर देतो. फोर्स रिकव्हरीला १ ते ६ अशा पायऱ्या आहेत. खालच्या पायऱ्यांवर डेटाबेस काही तपासण्या सोडून देऊन उघडतो, म्हणजे आतली विदा बाहेर काढून घेता येते. ४ आणि त्यापुढच्या पायऱ्यांवर विदेच्या फाइली कायमच्या बिघडू शकतात, हे त्या सोयीच्या कागदपत्रांतच बजावून सांगितलेले आहे. सगळे उपाय थकल्यावर, नक्कल हाताशी ठेवून, विदा बाहेर काढण्यापुरता तो मार्ग आहे; रोजचे काम चालू करण्यासाठी नाही. आणि आयबी लॉगफाइल पुसणे म्हणजे ज्या लॉगच्या आधारे इनोडीबीने काल अर्धवट राहिलेले काम सावरले, तोच आधार काढून घेणे. येथे तर इनोडीबी निरोगी आहे. दुखणे पायाला असताना हाताला प्लास्टर घालू नये. तुमच्याकडे निभावले याचा आनंद आहे, परंतु त्या दिवसाच्या आसपासची बिले एकदा जुळवून पाहा.

मुरार_ग्वाल्हेर (३.३०)

मी ग्वाल्हेरला एका महाविद्यालयाचे लिनक्स सर्व्हर सांभाळतो. वरचे निदान मलाही पटते. लिनक्सवर हाच प्रसंग आला असता तर रखवालदाराचे नाव सिस्टमडी असते आणि त्याची दैनंदिनी 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने वाचता आली असती, एवढाच फरक. तेथे एक फसगत वारंवार होते, ती या धाग्यात नोंदवून ठेवतो. सर्व्हिस दहा सेकंदांत पाच वेळा पडली की सिस्टमडी पुढचे प्रयत्न नाकारतो, आणि शेवटची ओळ 'पुन्हा पुन्हा फार लवकर विनंती झाली' अशी दिसते. लोक त्या ओळीचाच शोध घेत बसतात. ती कारण नाही, परिणाम आहे; खरे कारण तिच्या वर, पहिल्या पडझडीच्या वेळी लिहिलेले असते. ताईंच्या फाइलीतही 'अबॉर्टिंग' हा शब्द शेवटी आहे, पण कामाची ओळ त्याच्या वर पहिल्या 'एरर'पाशी आहे. लॉग शेवटून उघडावा आणि वर चढत जाऊन पहिल्या 'एरर'पाशी थांबावे.

विदागार_प्रशासक, इंदूर (३.५५)

ताई, आता दुरुस्ती. ईआरआर फाइलीतच उपाय लिहिला आहे आणि आपण तेवढाच करायचा आहे, त्याहून अधिक नाही. सर्व्हिस बंद आहे याची खात्री करा. कमांड प्रॉम्प्ट 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' असा उघडा आणि मारियाडीबीच्या डेटा फोल्डरात जा. तेथेच जाणे महत्त्वाचे आहे, कारण आरिया चेक या प्रोग्रामला त्याची कंट्रोल फाइल शेजारी लागते; दुसऱ्या फोल्डरातून चालवल्यास तो भलतीच तक्रार करतो. मग 'बिन' फोल्डरातील आरिया चेक, 'आर' या पर्यायासह, 'मायएसक्यूएल' उपफोल्डरातील 'एमएआय' असा शेवट असलेल्या प्रत्येक फाइलीवर चालवा. सर्व फाइली झाल्यावर 'आरिया लॉग' या नावापुढे आठ अंकी क्रमांक असलेल्या फाइली एका नव्या फोल्डरात हलवा. पुसू नका, हलवा. 'आरिया लॉग कंट्रोल' नावाची फाइल जागेवरच राहू द्या. त्यानंतर 'स्टार्ट'.

प्रत्येक फाइलीनंतर पडद्यावर काय आले ते वाचत जा. एखाद्या फाइलीपाशी 'एरर' आली तर पुढे न जाता येथे लिहा.

ग्रंथपाल, इंदूर (संध्याकाळी ६.४०)

सर्व्हिस सुरू झाली! समोर सभासद उभे असताना लिहीत आहे, म्हणून थोडक्यात. एकेका फाइलीवर प्रोग्राम चालवत गेले. काळ्या पडद्यावर 'रिकव्हरिंग' आणि कोष्टकाचे नाव, खाली 'डेटा रेकॉर्ड्स' आणि एक आकडा, मग 'फिक्सिंग इंडेक्स १' अशा ओळी येत होत्या. अधिकारांच्या कोष्टकापाशी आकडा ४ आला, तेव्हा हीच आमची डेटाबेसची चार खाती असे लक्षात आले आणि उगाच धीर आला. एकाही फाइलीपाशी चूक निघाली नाही. लॉगच्या फाइली हलवल्या, 'स्टार्ट' दाबले, आणि पट्टी या वेळी शेवटपर्यंत गेली.

काल वीज जाण्याच्या क्षणी ज्या आजींच्या नावावर पुस्तक चढवत होते, ती नोंद पाहिली. पुस्तक त्यांच्या नावावर आहे. त्याच्या आधीच्या सर्व नोंदीही आहेत. आपले आभार कोणत्या शब्दांत मानावेत हे कळत नाही. फास्ट स्टार्टअपविषयी आपण लिहिलेत, म्हणून तेही बंद केले आहे.

ग्रंथपाल, इंदूर (शनिवार, सकाळी १०.०५)

आज सकाळी संगणक चालू केला आणि सर्व्हिस पुन्हा बंद दिसली. काळजात धस्स झाले. पण 'स्टार्ट' दाबताच ती एका झटक्यात सुरू झाली. ईआरआर फाइलीत आज सकाळचा, मी 'स्टार्ट' दाबण्याच्या आधीचा, एकही शब्द नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दोन नोंदी आहेत : ७००९, तीत ३०००० मिलिसेकंद असा उल्लेख आहे, आणि तिच्या मागोमाग ७०००, तीत १०५३.

विदागार_प्रशासक, इंदूर (१०.४०)

नोंदी आपण अचूक वाचल्यात आणि रिकाम्या फाइलीचा उल्लेखही केलात, त्यामुळे हे सोपे झाले आहे. हा वेगळा आजार आहे. कालच्या प्रकारात प्रोग्राम सुरू होऊन मेला होता आणि जाताना लिहून गेला होता. आज त्याला लिहिण्याइतकी उसंतही मिळाली नाही. सर्व्हिस सुरू करण्याची आज्ञा दिल्यावर रखवालदार ३० सेकंद थांबतो. तेवढ्या वेळात आतून 'मी आलो' अशी हाक आली नाही तर तो प्रयत्न सोडून देतो. सकाळी संगणक चालू होताना जुन्या हार्ड डिस्कवर विंडोजचे अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी आणि वीस-पंचवीस सर्व्हिसेस एकदम तुटून पडतात, आणि त्या गर्दीत मारियाडीबीचा प्रोग्राम डिस्कवरून वाचूनच झाला नाही. आपण हाताने सुरू केली तेव्हा गर्दी ओसरली होती.

हे पूर्वी का होत नव्हते, असे आपण विचाराल. फास्ट स्टार्टअपमुळे मारियाडीबी रोज सकाळी नव्याने सुरू होतच नव्हती, ती गोठवलेल्या स्थितीतून जागी होत होती. दुखणे जुनेच होते, फक्त झाकलेले होते. तरीही फास्ट स्टार्टअप बंदच ठेवा. डेटाबेस असलेल्या संगणकाने रोज रीतसर बंद व्हावे आणि रीतसर सुरू व्हावे, हे मला अधिक विश्वासाचे वाटते.

सर्व्हिसच्या प्रॉपर्टीजमध्ये 'स्टार्टअप टाइप' या ठिकाणी 'ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)' निवडा. म्हणजे इतर सर्व्हिसेस उभ्या राहिल्यावर सुमारे दोन मिनिटांनी हिची पाळी येईल. संगणक चालू केल्यावर चार-पाच मिनिटे तालिका उघडू नये, एवढे सर्व कार्यकर्त्यांना सांगून ठेवा. अँटिव्हायरसच्या तपासणीतून डेटा फोल्डर वगळा. एवढ्याने भागले नाही तर ३० सेकंदांची मर्यादा रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या कोठारात, 'सर्व्हिसेस पाइप टाइमआउट' या नावाने वाढवता येते, परंतु तेथे हात घालण्याची वेळ येणार नाही असे वाटते.

तेथेच 'रिकव्हरी' नावाचा भाग दिसेल. पहिल्या अपयशानंतर सर्व्हिस पुन्हा सुरू करावी एवढेच तेथे ठेवा आणि पुढच्या अपयशांसाठी 'टेक नो अॅक्शन'. बिघडलेला डेटाबेस यंत्राने पुन्हा पुन्हा उठवत राहणे मला पसंत नाही. दोनदा पडल्यावर माणसाने येऊन लॉग वाचलाच पाहिजे.

आता मला एक प्रश्न सतावतो आहे. वीज जाणे इंदूरला नवे नाही. अशा प्रसंगातून सावरण्यासाठीच लॉग असतात, मग आरियाचा लॉग इतका का फाटला? डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्क ड्राइव्ह्ज' खाली आपल्या डिस्कच्या प्रॉपर्टीज उघडा आणि 'पॉलिसीज'मध्ये राइट कॅश बफर फ्लशिंग बंद करण्याच्या चौकोनात खूण आहे का, ते पाहून सांगा.

सोमवारचा_कार्यकर्ता, इंदूर (११.३०)

काकू, हे उत्तर मी देतो. त्या चौकोनात खूण आहे आणि ती मी केली आहे. चार महिन्यांपूर्वी संगणक फार हळू चालत होता, म्हणून वेग वाढवण्याच्या उपायांची एक यादी वाचून मी काही बदल केले होते आणि त्यात हा होता. वेग थोडा वाढला म्हणून मला समाधान वाटले होते. त्याखाली वीज गेल्यास विदा जाऊ शकते असा इशारा होता, तो मी वाचला नाही. काकू दोन दिवस ज्या काळजीत होत्या तिला मी कारण झालो, याचे मला मनापासून वाईट वाटते. संध्याकाळी येऊन खूण काढतो आणि आणखी काय बदलले होते ते सर्व वहीत लिहून देतो.

विदागार_प्रशासक, इंदूर (११.५०)

आपण होऊन सांगितलेत, यामुळे शोधाचे काही तास वाचले. वाईट वाटून घेऊ नका. हा चौकोन भल्याभल्यांनी खूण करून ठेवलेला मी पाहिला आहे. इतरांसाठी कारण लिहून ठेवतो. डेटाबेस लॉगची ओळ लिहिल्यावर 'ही खरोखर डिस्कवर उतरव, मग मी पुढे जातो' असे विंडोजला सांगतो. ती खूण केली की विंडोज ही विनंती डिस्कपर्यंत पोहोचवतच नाही. डेटाबेसला वाटते ओळ लिहिली गेली, प्रत्यक्षात ती डिस्कच्या तात्पुरत्या स्मृतीत असते आणि वीज गेली की तिच्याबरोबर जाते. या स्थितीत इनोडीबीही फाटू शकली असती. त्याच चौकटीतील वरची, साध्या राइट कॅशिंगची खूण मात्र राहू द्या.

यूपीएसचीही बॅटरी बदला. लहान यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी असते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती तीन-चार वर्षांपेक्षा जास्त विश्वासाची राहत नाही. डबा चालू दिसतो, हिरवा दिवा लागतो, आणि गरजेच्या वेळी क्षणभरही धरत नाही. नवी बसवल्यावर भिंतीवरचे बटण बंद करून, डेटाबेस आधी रीतसर थांबवून, एकदा प्रत्यक्ष तपासा.

बडोदेकर_ग्रंथसेवक (दुपारी १.१५)

मी वडोदऱ्याला एका ग्रंथालयात काम करतो. धागा पहिल्यापासून वाचत होतो. बॅकअपचा विषय अजून निघाला नाही, म्हणून लिहितो. ताई, आपला बॅकअप आजवर कसा घेतला जात होता?

ग्रंथपाल, इंदूर (१.४०)

दर रविवारी डेटा फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करत आलो आहोत. सर्व्हिस मात्र त्या वेळी चालूच असे. सर्व्हिस बंद असताना नक्कल निर्धोक असते असे काल वाचले, तेव्हाच शंका आली होती.

बडोदेकर_ग्रंथसेवक (२.२०)

शंका खरी आहे. चालू डेटाबेसचे फोल्डर कॉपी करताना पहिली फाइल एका क्षणाची आणि शेवटची चार मिनिटांनंतरची येते. मधल्या काळात झालेले बदल अर्धे इकडे, अर्धे तिकडे. असा बॅकअप परत लावताना उघडेल किंवा उघडणारही नाही. त्याऐवजी 'मायएसक्यूएल डम्प' या प्रोग्रामने, 'सिंगल ट्रान्झॅक्शन' पर्याय देऊन, तालिकेच्या डेटाबेसची मजकुरी नक्कल रोज रात्री काढावी. सर्व्हिस चालू असली तरी ती एकाच क्षणाची आणि सुसंगत येते.

आम्हांला ज्याने अद्दल घडवली ते सांगतो. आम्ही हा डम्प पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा देण्याच्या खिडकीतून, 'पेक्षा मोठे'चे चिन्ह वापरून फाइलीत वळवत होतो. त्या मार्गाने पॉवरशेल फाइल यूटीएफ-१६ या वेगळ्या अक्षरपद्धतीत लिहिते आणि ती परत भरताना डेटाबेस ती स्वीकारत नाही. सहा महिन्यांच्या रोजच्या फाइली, आकाराने भरघोस, आणि एकही उपयोगाची नाही. हे आम्हांला नव्या संगणकावर जाताना कळले. जुना संगणक जिवंत होता म्हणून बचावलो. वळवण्याऐवजी डम्पचाच 'रिझल्ट फाइल' हा पर्याय वापरावा.

आणि फाइल निघाली म्हणून समाधान मानू नये, ती दुसऱ्या संगणकावर भरून पाहावी. तेथे 'ऱ्हस्व', 'वाङ्मय', 'ज्ञानेश्वरी' असे शब्द असलेली शीर्षके उघडावीत. ती प्रश्नचिन्हांच्या रूपात दिसली तर अक्षरसंच चुकला आहे. दोन्ही बाजूंना यूटीएफ-८-एमबी-४ असावा.

सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बॉर्डन यांना बोलावून येथे ग्रंथालयांचे जाळे उभे केले. तेव्हाची सारी भिस्त कार्डांवर आणि नोंदवह्यांवर होती. कार्डाला वीज लागत नाही, म्हणून दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमवार वही, आम्ही अजूनही हाताने लिहितो. आपणही ती बंद केली नसेल अशी आशा आहे.

ग्रंथपाल, इंदूर (बुधवार, रात्री ८.५०)

उशिरा लिहिते आहे, पण सर्व करून झाल्यावरच लिहायचे ठरवले होते.

डिलेड स्टार्ट केल्यापासून चार सकाळी सर्व्हिस स्वतः सुरू झाली. सोमवारच्या कार्यकर्त्याने खूण काढली आणि केलेल्या सर्व बदलांची तारीखवार यादी वहीत लिहिली. ती वही आता संगणकाशेजारी दोरीने बांधलेली आहे. यूपीएसची बॅटरी बदलली. उघडल्यावर जुनी बॅटरी दोन्ही बाजूंनी फुगलेली निघाली, पेटीतून ओढून काढावी लागली. काल भिंतीवरचे बटण बंद करून पाहिले, तेव्हा संगणक अकरा मिनिटे चालला.

डम्प रोज रात्री ७.४५ ला, वाचनालय बंद होण्यापूर्वी, ठरल्या वेळी काम आपोआप करणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून निघतो. पहिली फाइल माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर भरून पाहिली. पुस्तकांची संख्या जुळली. 'ऱ्हस्व' शब्दाचे शीर्षक आमच्याकडे नाही, पण 'वाङ्मय' असलेली बरीच आहेत आणि ती सर्व अचूक उघडली. बडोदेकरांनी विचारले म्हणून सांगते, दाखल नोंदवही आमच्याकडेही चालू आहे. तिच्यातील शेवटचा दाखल क्रमांक आणि लॅपटॉपवरील शेवटचा क्रमांक एकच निघाला.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला आणि मारियाडीबी १०.४ चा जून २०२४ मध्येच संपला, हे वाचून नव्या संगणकाचा विषय येत्या बैठकीत ठेवत आहे.

विदागार_प्रशासक, इंदूर (९.१५)

नवा संगणक आला की आधी त्यावर हा डम्प भरा, दोन आठवडे दोन्ही शेजारी चालवा, आणि मगच जुना बंद करा. जुन्या संगणकावर आता आवृत्ती चढवू नका. तो जसा चालतो आहे तसा चालू द्या.

ग्रंथपाल, इंदूर (९.३०)

तसेच करू. शुक्रवारी वहीत घेतलेल्या एकूण १९ नोंदी आज संगणकात चढवून झाल्या. शीर्षकापुढे 'सुटले' असे लिहिण्याची विनंती व्यवस्थापकांना करत आहे.